ओझर मिग : एक ग्रामनाम व त्यामागील विमानतळ

नाशिकच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, बाणगंगेच्या कांठीं ओझर नांवाचें गांव आहे. तालुका निफाड. चंपाषष्ठीस येथें खंडोबाची यात्रा भरते. महाराष्ट्रांत या नांवाचीं गांवें अनेक असून त्यांपैकीं जुन्नर भागांतील कुकडीच्या तीरावरचें विघ्नेश्वराचें ओझर अष्टविनायकांमुळें सर्वतोमुखीं झालें आहे. सबब नाशिककडील ओझर निराळें ओळखतां यावें म्हणून लोक त्यास 'ओझर मिग' असें म्हणूं लागले. शेजारच्या साकोऱ्यासही 'साकोरे मिग' हेंच उपपद चिकटलें. कारण नांदगांव तालुक्यांत दुसरें साकोरें आहेच. एकाच नांवाच्या दोन गांवांना उपपदें लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्याच निफाड तालुक्यांत कसबे सुकेणें आणि मौजे सुकेणें अशीं दोन गांवें असून त्या उपपदांवरून जुन्या मुलकी व्यवस्थेचा माग लागतो. परंतु गांवाच्या नांवास एका लढाऊ विमानाचें नांव उपपद म्हणून लागावें, हें उदाहरण विरळाच. तें कसें लागलें याची हकीकत येथें द्यावयाची आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत संस्कृत 'निर्झर' शब्दाचीं 'ओज्झर' व 'णिज्झर' अशीं दोन रूपें सांगितलीं आहेत. पहिल्यापासून मराठी 'ओझर' सरळ निघतो. अर्थ झरा, ओहोळ. नदीकांठच्या गांवास हें नांव पडावें यांत नवल नाहीं, आणि तीं गांवें अनेक कां, याचाही उलगडा येथेंच होतो. आतां उत्तरपद. 'मिग' हा शब्द मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएट विमानशिल्पज्ञांच्या नांवांचीं आद्याक्षरें व मधला 'इ' मिळून झाला आहे. रशियन भाषेंत 'इ' म्हणजे 'आणि', अर्थात् आपला 'च'. म्हणजे 'ओझर मिग' या पांच अक्षरी सामासिक नांवांत एक प्राकृत शब्द, दोन परदेशी माणसें आणि एक उभयान्वयी अव्यय इतका ऐवज सांठला आहे. व्याकरणाच्या वर्गांत विग्रहासाठीं घालावा असा हा समास खरा!

कांहीं वाचक म्हणतील कीं, बखरी, फर्मानें आणि ताम्रपट यांच्या शोधास वाहिलेल्या या पानांत विमानतळाचें काय काम? यास उत्तर असें कीं, नाशकाचा एक जुना राजलेख हा लष्कराच्या तळावरूनच निघालेला आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा अठराव्या राज्यवर्षाचा जो लेख आहे, तो गोवर्धनाच्या अमात्यास केलेली आज्ञा असून राजा ती आपल्या 'विजयखधावारा'तून, म्हणजे विजयी स्कंधावारांतून, करीत आहे. आज्ञा जमिनीची आहे : पूर्वीं उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंस द्यावें. पुढें चोविसाव्या वर्षीं आणखी एक आज्ञा निघाली, कारण तें शेत कोणी कसेना व गांवही ओसाड पडलें; म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें देवविलीं. या दानास ज्या सवलती जोडल्या आहेत त्यांत 'अपावेस' हा एक शब्द आहे. राजाच्या माणसांनीं त्या जमिनींत पाऊल टाकूं नये, असा त्याचा भावार्थ. ओझरच्या तळाभोंवतीं तारेचें कुंपण व प्रवेशबंदीच्या पाट्या पाहिल्या म्हणजे हाच शब्द उलट्या अंगानें आठवतो. तेथें राजपुरुषांस बंदी होती, येथें राजपुरुषांवांचून इतरांस आहे. लष्कर, जमीन आणि लेख हीं तीन नाशकांत दोन हजार वर्षें एकत्र नांदत आलीं आहेत. त्यांतला शेवटचा अध्याय आपण वगळावा असें कारण दिसत नाहीं.

मधल्या काळाचा विस्तार येथें नको. १८१८ सालीं त्र्यंबक व मालेगांव इंग्रजांच्या हातीं गेले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत देवळालीस छावणी वसली, आणि विलायतेस परत जाणारे गोरे शिपाई तेथें जहाजाची वाट पाहत इतके कंटाळत कीं, इंग्रजी बोलींत वेडसरपणास देवळालीवरूनच एक शब्द रूढ झाला. आपल्या विषयाशीं संबंध येतो तो दुसऱ्या महायुद्धांत. १९४३ च्या उत्तरार्धांत इंग्रजी विमानदलाचें ६५६ वें पथक मुंबईस उतरून देवळालीस आलें व तेथून ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलें. त्याच्याजवळ ऑस्टर जातीचीं हलकीं, एका यंत्राचीं विमानें होतीं. तीं बाँब टाकण्याकरितां नव्हतीं. तोफखान्याचाच अधिकारी विमान चालवीत वर जाई आणि गोळे कोठें पडतात तें पाहून खालच्या तोफांस बिनतारी यंत्रानें नेम सांगे. देवळाली हें तोफखान्याचें ठिकाण असल्यामुळें ही विद्या तेथें येणें स्वाभाविक होतें. तात्पर्य, नाशकाच्या आकाशांत लष्करी विमान ओझरच्या कारखान्याच्या वीस वर्षें आधींच आलेलें आहे. याच परंपरेंतून पुढें भारतीय सैन्याचें स्वतंत्र विमानदल १ नोव्हेंबर १९८६ रोजीं उभें राहिलें, आणि त्याच्या वैमानिकांस हेलिकॉप्टरावरील युद्धशिक्षण देणारी शाळा २००३ सालीं नाशिकरोडजवळ गांधीनगरच्या धावपट्टीवर स्थापन झाली. ही शाळा भूसैन्याची आहे, विमानदलाची नव्हे. वर्तमानपत्रें गांधीनगर व ओझर यांची वारंवार गल्लत करितात, म्हणून हें येथें नोंदून ठेविलें.

आतां मुख्य विषय. पाकिस्तानास अमेरिकेकडून एफ-१०४ जातीचीं ध्वनीहून वेगवान विमानें मिळाल्यानंतर हिंदुस्थान सरकारासही त्या तोडीचें विमान हवें झालें. आणि नुसतें विकत घ्यावयाचें नव्हे, तर येथें बांधावयाचें, असा आग्रह होता. पाश्चात्य राष्ट्रांशीं बोलणीं फळास येईनात. सोव्हिएट संघानें मात्र मिग-२१ देऊं करून तें येथें बांधण्याचाही परवाना देण्याचें मान्य केलें. हा करार ऑगस्ट १९६२ चा. तेव्हां संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. ऑक्टोबरांत चीनचें आक्रमण झालें, मेनन यांस जावें लागलें, आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढील वर्षीं नाशिक मतदारसंघांतून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

नाशिक जिल्ह्यांत कोणासही विचारा, "मिग यशवंतरावांनीं आणलें" असें उत्तर मिळतें. ही लोकश्रुति आपल्या नेहमींच्या कसोटीस लावून पाहिली पाहिजे. तिचे दोन भाग पडतात. मिग-२१ हिंदुस्थानांत येणें हें यशवंतरावांचें कर्तृत्व नव्हे. करार त्यांच्या दिल्लीस जाण्यापूर्वीं तीन महिने झालेला होता. तारखाच तसें सांगतात. परंतु कारखान्याची उभारणी सर्वस्वी त्यांच्या कारकीर्दींत झाली, आणि ज्या जिल्ह्यानें त्यांस एकमुखानें लोकसभेंत पाठविलें त्याच जिल्ह्यांत झाली. लोकश्रुतीनें दोन गोष्टींची एक गोष्ट केली, एवढाच तिचा दोष. बखरकारांची हीच खोड आपण दररोज पाहतों. गमतीची गोष्ट अशी कीं, याच योजनेंतील यंत्रांचा कारखाना ओरिसांत कोरापुटास निघाला, आणि तेथील लोक असेंच श्रेय बिजू पटनाईक यांस देतात. दोन प्रांतांत दोन नायक, आणि आख्यान एकच.

नकाशा समोर ठेविला तर ओझरची निवड कोणाच्याही शिफारशीवांचून समजण्यासारखी आहे. मुंबई बंदर रस्त्यानें दोनशें किलोमीटरांच्या आंत. सोव्हिएट जहाजांतून उतरलेल्या पेट्या घाट चढून एका दिवसांत येथें पोंचाव्या. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे सहाशें मीटर, हवा कोरडी, जमीन सपाट, सरहद्द दूर. देवळालीची छावणी शेजारीं. ओझरची धावपट्टी सुमारे तीन हजार मीटर लांबीची आहे. सह्याद्रीच्या इतक्या जवळ एवढी सरळ रेघ ओढावयास जागा मिळणें हीच मोठी गोष्ट.

मिगच्या कामासाठीं ऑगस्ट १९६३ मध्यें एअरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी काढण्यांत आली. ती बंगळुराच्या जुन्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनींत १ ऑक्टोबर १९६४ (शके १८८६) रोजीं विलीन होऊन हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड ही संस्था झाली. कामाची वांटणी त्रिस्थळी होती : विमानाचें शरीर नाशकास, यंत्र कोरापुटास, विद्युत् उपकरणें हैदराबादेस. तेव्हां 'नाशकास बांधलेलें विमान' या शब्दप्रयोगाचा अर्थ 'नाशकास जुळलेलें व नाशकाहून उडालेलें' एवढाच घ्यावयाचा. जुळणीचेंही काम टप्प्याटप्प्यानें शिकलें गेलें. आरंभीं रशियांतून सुटे केलेले तयार भाग येत व ते येथें जोडले जात. मग लहान भाग आणून मोठे भाग येथें बांधले जाऊं लागले. शेवटीं कच्च्या धातूपासून विमान तयार होऊं लागलें. पहिलीं जुळलेलीं विमानें १९६६-६७ च्या सुमारास बाहेर पडलीं आणि कच्च्या मालापासूनचें पहिलें मिग-२१ हें १९७० सालीं. १९७१ च्या डिसेंबरांतील युद्धांत याच जातीच्या विमानांनीं ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर १४ तारखेस हल्ला केला, व दोन दिवसांनीं तेथील पाकिस्तानी सैन्यानें शरणागति पत्करली.

नकाशे, कोष्टकें व कृतिपुस्तकें हीं सारीं मुळांत रशियन भाषेंतलीं. तीं समजून घेण्याकरितां निफाड तालुक्यांत रशियनचे जाणकार वावरूं लागले, हा आपल्या भाषिक इतिहासांतला एक लहानसा पण लक्षांत ठेवण्याजोगा प्रसंग होय. रशियन ही आपल्या संस्कृताची दूरची बहीण आहे. तिच्यांत दोनास 'द्वा', तीनास 'त्री', विस्तवास 'अगोन्य' आणि आकाशास 'नेबो' म्हणतात. शेवटचा शब्द आपल्या 'नभस्'चा सहोदर. विमानांस दिलेल्या देशी नांवांकडे पाहिलें तर मौज अधिक वाटते. मिग-२१ च्या एका प्रकारास 'त्रिशूल', दुसऱ्यास 'विक्रम', आणि पुढें आलेल्या मिग-२७ यास 'बहादुर'. पहिलीं दोन शुद्ध संस्कृत, तिसरें फारसींतून आलेलें. पेशवाईंतल्या तोफांचीं व हत्तींचीं नांवें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ही मिसळ परकी वाटणार नाहीं.

संस्कृताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकितों, कारण ती संग्राहकांच्या उपयोगाची आहे. पंचवटीच्या परिसरांत विमानाचें नांव काढलें कीं पुष्पकाची आठवण निघते आणि पाठोपाठ 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाची. भरद्वाज ऋषींच्या नांवावर चालणारा हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सुब्बराय शास्त्री यांनीं तोंडानें सांगून लिहविला, आणि १९७४ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंतील अभ्यासकांनीं त्याची भाषा व त्यांतील यंत्रें तपासून तो १९०४ च्या पूर्वींचा नाहीं व त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय दिला. त्याची जुनी म्हणून कोणी पोथी विकावयास आणली तर मूल्य बेतानेंच द्यावें.

मिग-२१ चे निरनिराळे प्रकार मिळून साडेपांचशेंहून अधिक विमानें नाशकाहून बाहेर पडलीं. मिग-२७ चीं संख्या १६५. त्यानंतर सुखोई-३० : डिसेंबर २००० च्या करारान्वयें १४० विमानें येथें बांधावयाचें ठरलें, पहिलें २००४ च्या नोव्हेंबरांत दलाकडे गेलें, आणि पुढील मागण्या मिळून हा आंकडा दोनशेंच्या वर गेला.

येथवर कारखान्याची हकीकत झाली. पण ओझरास विमानदलाचा म्हणून जो तळ आहे तो निराळा, आणि तोच बहुधा विसरला जातो. तेथें लढाऊ पथकें राहत नाहींत. तेथें आहे अकरावा बेस रिपेअर डेपो, १९७४ सालीं स्थापन झालेला, नागपूरच्या मेंटेनन्स कमांडच्या हुकमतीखालीं. देवळालीस दक्षिण भागीं विमानदलाचा सामानाचा डेपो आहे तोही याच कमांडचा. नाशिककरांस रात्रंदिवस जी घरघर ऐकूं येते तिच्यावरून ते समजतात कीं, हीं विमानें लढाईस निघालीं; वस्तुतः बरींचशीं नवीं बांधलेलीं अथवा दुरुस्त होऊन चांचणीस निघालेलीं असतात.

दुरुस्ती म्हणजे काय तें नीट सांगितलें पाहिजे. लढाऊ विमानाचें आयुष्य उड्डाणाच्या तासांनीं व वर्षांनीं मोजलेलें असतें. ठराविक तास भरले कीं तें उडावयाचें बंद होऊन डेपोंत येतें. तेथें रंग खरवडून, यंत्र उतरवून, तारा व नळ्या काढून त्याचा नुसता सांपळा उरवितात. सांध्यासांध्यांत डोळ्यांस न दिसणारी चीर आहे काय हें उपकरणांनीं तपासतात. झिजलेलें बदलून पुनः सर्व जुळवितात, आणि मग वैमानिक तें वर नेऊन त्याची परीक्षा घेतो. ज्यांनीं कसरीनें खाल्लेली पोथी उलगडून, पानें सुटीं करून, डकवून पुनः बांधविली आहे त्यांस ही मेहनत कळेल. फरक इतकाच कीं, आपल्या हातून एखादा सांधा राहिला तर पान गळतें. तेथें माणूस जातो. या डेपोंत मिग-२३, मिग-२९ यांची अशी पुनर्घडण झाली. मिग-२९ चें २००८ च्या करारान्वयें आधुनिकीकरण ठरलें तेव्हां पहिलीं सहा विमानें रशियांत झालीं, उरलेल्यांचें काम ओझरानें उचललें. एप्रिल २०१८ मध्यें येथें पुनर्घडण झालेलें पहिलें सुखोई दलास परत मिळालें. ८ मार्च २०२४ रोजीं हिंडन येथें राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं या डेपोस ध्वजसन्मान दिला. बहुतेक असे सन्मान लढाऊ पथकांच्या वांट्यास जातात. हत्यार परजणाऱ्या हातांस तो मिळाला, ही गोष्ट इतिहासकारानें मुद्दाम टिपावी अशी आहे.

या वृत्तांताची काळी बाजूही लपवूं नये. संरक्षणमंत्री अंटनी यांनीं मे २०१२ मध्यें राज्यसभेस सांगितलें कीं, मिग विमानांपैकीं ४८२ अपघातांत सांपडलीं व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यु पावले. हा आंकडा सर्व जातींच्या मिग विमानांचा आहे. तो केवळ मिग-२१ चा म्हणून छापला जातो, आणि त्यावरून सगळा दोष नाशकाच्या कारखान्यावर टाकिला जातो, हें दोन्ही बरोबर नव्हे. अपघातांचीं कारणें यंत्रांत, शिक्षणांत, पक्ष्यांत व विमानाच्या लांबलेल्या आयुष्यांत वांटलेलीं आहेत. तथापि १७१ हा आंकडा खरा आहे, आणि तो वाचतांना लेखणी थांबते.

मिग-२१ पहिल्यानें १९६३ सालीं चंडीगडास दलांत दाखल झालें होतें. तेथेंच २६ सप्टेंबर २०२५ रोजीं, नवरात्रांत, त्यास शेवटचा निरोप देण्यांत आला. मिग-२७ त्यापूर्वींच, २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपुरास, निवृत्त झालें होतें. नाशकाच्या कारखान्यांत मात्र काम थांबलें नाहीं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं, वसुबारसेच्या दिवशीं, येथें बांधलेलें पहिलें तेजस विमान संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या समक्ष ओझरच्या धावपट्टीवरून उडालें. म्हणजे ज्या विमानामुळें गांवास उपपद मिळालें तें विमान आतां आपलें विमानदल उडवीत नाहीं. गांवाचें नांव मात्र 'ओझर मिग' तसेंच आहे. ग्रामनामें वस्तूहून चिवट असतात हें आपण जाणतोंच. कसबे सुकेण्यांत आज कोणता कसबा उरला आहे?

यावरून संग्राहकांस एक विनंती करावयाची आहे. डेपोचे व कारखान्याचे गुप्त कागद आपल्या वाटेचे नव्हत. ते मागूंही नयेत. परंतु त्यांच्या भोंवतालचे कागद गुप्त नाहींत, आणि तेच रद्दींत जात आहेत. साठ सालानंतर कामास लागलेली पिढी निवृत्त होऊन बरीचशी दिवंगत झाली. घर बदलतांना मुलें पेट्या उघडतात. पितळी भांडीं ठेवितात, कागद वजनावर देतात. टाउनशिपमधील गणेशोत्सवाचीं व नाटकांचीं हस्तपत्रकें, कामगार संघटनेचीं पत्रकें, उमेदवारीच्या वर्गांतील वह्या, रशियन-इंग्रजी-मराठी शब्दांच्या हातानें केलेल्या याद्या, पहिल्या उड्डाणाच्या समारंभाचीं निमंत्रणें, समूहचित्रें. त्या काळचा कागद लगद्याचा व आम्लधर्मी असल्यामुळें अठराव्या शतकांतल्या जुन्नरी कागदाच्या आधीं तो पिवळा पडून तुटेल. आणि अमोनियाच्या वाफेवर उठविलेलीं रेखाचित्रें उजेडांत ठेविलीं तर कांहीं वर्षांतच पुसट होतात. तीं गुंडाळून काळोखांत ठेवावीं, आणि प्रत आधीं करून घ्यावी.

याहूनही मोलाचा भाग जमिनीचा. ज्या शेतांवर हा तळ व कारखाना वसला तीं ओझर, साकोरें, जानोरी इत्यादि गांवच्या शिवारांतलीं. जानोरीच्या बाजूस २०१४ सालीं नागरी प्रवाशांकरितां इमारतही उभी राहिली, तेव्हांपासून तें नांव पुष्कळांस ठाऊक झालें. शिवाराचीं जुनीं नांवें मात्र कोणास सांगतां येत नाहींत. भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वयें झालें म्हणजे राजपत्रांत जाहीरनामे निघत, गट वा सर्व्हे नंबरांची यादी छापली जाई, निवाडा लिहिला जाई, आणि शेवटीं तलाठ्याच्या दप्तरीं फेरफार पडे. त्या यादींत माळ, खळें, विहीर, आंब्याचें झाड, देवाचें ठिकाण अशा नोंदी असतात. गौतमीपुत्राच्या कोरक्यानें शेताचा मूळ मालक दगडावर कोरून ठेविला, म्हणून उषवदाताचें शेत आज आपणांस ठाऊक आहे. ओझरच्या शेतकऱ्यांजवळ जुने सात-बाराचे उतारे, मोबदल्याच्या नोटिसा, बांधाच्या तंट्याचे कागद असतील तर त्यांची छायाप्रत काढून, तारीख व गट नंबर पाठीमागें शाईनें लिहून, मंडळाकडे द्यावी. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरींच राहूं द्यावा. शिवारांतल्या जागांचीं बोलींतलीं नांवें मात्र वृद्धांच्या तोंडून प्रथम उतरवून घ्यावीं. धावपट्टीखालीं गेलेलीं नांवें सर्व्हे नंबरांत सांपडत नाहींत.